डोक्याला मार लागल्यानंतर टीएमएस आणि टीडीसीएस: आधी काय, मग काय

"मॅडम, मशीन लावायला पेशंटला कधी आणू?" हल्ली फोन इथूनच सुरू होतो. मोटारसायकलवरून पडलेला भाऊ किंवा मुलगा, अपघाताला तीन-चार महिने झालेले, आयसीयूचं बिल भागवताना घर वाकलेलं आणि कुणीतरी मोबाइलवर टीएमएसचा, म्हणजे डोक्याबाहेरून मेंदूला चेतवणाऱ्या मशीनचा, व्हिडिओ पाठवलेला. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूच्या दुखापतीनंतरचं पुनर्वसन हे माझं रोजचं काम. या फोनला माझं पहिलं उत्तर असतं, "आधी फाईल आणा, पेशंट नंतर." बऱ्याच जणांना ते आवडत नाही.

चुका त्याच त्याच होतात. डोक्यात शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी, आहे हे चौथ्या सत्राला कळतं. 'आता मशीन सुरू झाली' म्हणून फिटच्या गोळ्या घरीच बंद केल्या जातात. सकाळी मशीनची उत्तेजना होते आणि व्यायाम दोन दिवसांनी. आधी काहीच मोजलेलं नसतं, त्यामुळे तीस सत्रांनंतर 'थोडा फरक वाटतोय' यापलीकडे कुणाला काही सांगता येत नाही. यातली एकही चूक मशीनची नाही. क्रम चुकलेला असतो.

दोन मिनिटांत: ही मशीन करते काय

टीएमएसमध्ये डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय ठोके सोडतात. प्रत्येक ठोक्यासरशी कॉइलखालच्या मेंदूच्या वरच्या थरात क्षणभर वीज निर्माण होते आणि तिथल्या पेशी खरोखर पेटतात, म्हणजे संदेश सोडतात. नेहमीच्या कॉइलचा जोर दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच असतो. टीडीसीएस त्याहून सौम्य. ओल्या स्पंजांतून १ ते २ मिलीअँपिअरचा संथ प्रवाह साधारण २० मिनिटं सोडतात. त्यानं पेशी पेटत नाहीत, फक्त पेटायला थोड्या सोप्या किंवा अवघड होतात. दोन्हींत भूल नाही. हा मानसोपचारातला 'शॉक'ही नव्हे. तिथे झटका, म्हणजे फिट, मुद्दाम आणतात, इथे झटका आला तर तो अपघात समजायचा.

शेतकरी घरातल्या नातेवाइकांना मी एका शब्दात सांगते: वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. उत्तेजनेनं जमीन वाफशावर येते, पीक येत नाही. त्या वेळात पेरलं नाही तर जमीन पुन्हा सुकते. पेरणी म्हणजे बोलण्याचा, हाताचा, लक्ष देण्याचा सराव. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

## पायरी १: फाईल लावा

सेंटरला जाण्याच्या किमान आठवडाभर आधी हे कागद एकत्र करा:

- डिस्चार्ज कार्ड. भरती होतानाचा ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे शुद्धी मोजणारा, आकडा त्यावर असतो. १३ ते १५ म्हणजे सौम्य मार, ९ ते १२ मध्यम, ३ ते ८ गंभीर.
- पहिला आणि सर्वांत अलीकडचा सीटी स्कॅन, असल्यास एमआरआय. नुसता रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडी हवी.
- ऑपरेशनची नोंद: कवटीचं हाड कोणत्या बाजूचं काढलं, ते परत बसवलं की अजून पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं आहे, बसवताना टायटॅनियमची प्लेट वापरली की सिमेंट, आत रक्तवाहिनीवर लावलेली क्लिप आहे का.
- शंट असेल तर कंपनी आणि मॉडेल.
- सध्याच्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिपचे फोटो. यादी लिहून आणू नका. लिहिताना नावं चुकतात आणि आयुर्वेदिक काढा, झोपेची गोळी, गुडघेदुखीची गोळी हमखास राहून जातात.

'डोक्यात काही बसवलंय का?' या प्रश्नाला बहुतेक घरांतून 'नाही' असंच उत्तर येतं. कानामागून मानेतून पोटापर्यंत गेलेली नळी त्यांच्या लेखी डोक्यात बसवलेली नसतेच. म्हणून मी तसं विचारत नाही. 'कानामागे किंवा मानेत दोरीसारखं काही हाताला लागतं का?' असं विचारते आणि स्वतः हात लावून बघते. धातूचंही तेच. वेल्डिंगचं किंवा लेथचं काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात जुना लोखंडी कण असू शकतो. ते त्याला स्वतःलाच आठवत नाही, बायकोला आठवतं.

थांबा: कॉइलच्या जवळ ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतले इलेक्ट्रोड किंवा लोहचुंबकीय क्लिप असेल तर टीएमएस करायचं नाही. बाहेरून चुंबकानं दाब बदलता येणाऱ्या शंटची झडप टीएमएसमुळे भलत्याच आकड्यावर जाऊ शकते. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका. टायटॅनियम लोहचुंबकीय नसल्यानं ती प्लेट असली म्हणजे दार बंदच असं नाही, पण ती कुठे आहे आणि नक्की कशाची आहे हे कागदावर दिसायला हवं.

हाड अजून बसवलेलं नसेल तर घाई करू नका. कवटी विजेला अडवते. जिथे कवटीच नाही तिथून प्रवाह सोपी वाट धरतो आणि नको तिथे एकवटतो. अखंड कवटीसाठी केलेली सगळी गणितं तिथे कोलमडतात. शिवाय हाड नसलेली जागा खोल गेली असेल तर रुग्णाची सुस्ती त्यामुळेच असू शकते, आणि हाड बसवल्यावर अशी माणसं कधी कधी काही दिवसांत उमलतात. आधी न्यूरोसर्जनला भेटा.

## पायरी २: बरी होण्यासारखी कारणं आधी काढून टाका

सगळ्यांत जास्त वेळ मी या पायरीला देते, आणि सगळ्यांत जास्त लोक हीच गाळतात. रुग्ण झोपाळू आहे, बोलत नाही, पुढे सरकत नाही, याचा अर्थ दर वेळी 'मेंदू सुस्त पडलाय' असा नसतो. मशीन लावण्याआधी रुग्णाच्या डॉक्टरांना हे सगळं एकेक करून विचारा:

मेंदूत पाणी साठतंय का? सुधारत असलेला माणूस अचानक थांबला, चालणं बिघडलं, लघवी कपड्यात होऊ लागली तर नवा सीटी लागतो, टीएमएस नव्हे. आधीचा शंट बंद पडला असेल तरी चित्र हेच दिसतं.

रक्तातलं सोडियम कधी तपासलं? थायरॉइड आणि पिट्युटरीची संप्रेरकं? डोक्याच्या माराने पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते. मग थकवा, उदासी आणि मंदपणा येतो आणि सगळे त्याला 'डिप्रेशन' म्हणतात.

कोणती औषधं मेंदूला गुंगी आणताहेत? आयसीयूत सुरू झालेली फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, हॅलोपेरिडॉल, बॅक्लोफेन ही औषधं पुढे कुणीच फेरतपासत नाही. अशा एका मुलाला माझ्याकडे 'मशीनसाठी' आणलं होतं. औषधांची फेरतपासणी होऊन तीन आठवडे गेले तेव्हा तो स्वतःहून जेवायला बसू लागला. मशीनचा विषय तिथेच मिटला.

झोप कशी आहे? रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबणं? कुठे दुखतंय, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, पाठीवरची जखम? आणि साधी गोष्ट: ऐकू येतं का? कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरनंतर एका कानाचं ऐकणं गेलेल्या माणसाला आपण 'लक्ष देत नाही' म्हणत बसतो.

एक प्रश्न खास शुद्ध हरपलेल्या रुग्णांसाठी. अपघातानंतर ४ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान अमांटाडीन या साध्या, स्वस्त औषधाचा विचार झाला का? २०१२ साली १८४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हे औषध चालू असलेल्या चार आठवड्यांत सुधारणेचा वेग वाढलेला दिसला, आणि अमेरिकेतल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस आहे. या रुग्णांसाठी मशीनच्या बाजूनं एवढा भक्कम पुरावा आजही नाही. मात्र अमांटाडीन फिटचा धोका वाढवू शकतं, म्हणून ते चालू असताना टीएमएस ठरवलं तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची माहिती हवी.

## पायरी ३: फिटचा हिशोब

डोक्याच्या माराने फिट येण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या मोठ्या पाहणीत, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, तीस वर्षांत सौम्य मारानंतर २.१ टक्के, मध्यम मारानंतर ४.२ टक्के आणि गंभीर मारानंतर १६.७ टक्के लोकांना आपोआप फिट आल्या. टीएमएसमध्ये फिट येणं एरवी फारच दुर्मीळ. पण डिप्रेशनच्या धडधाकट मेंदूच्या रुग्णांवरून काढलेला तो दिलासा मेंदूत जखमेचा वण असलेल्या माणसाला जसाच्या तसा देता येत नाही.

डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा:

- अपघाताच्या वेळी, पहिल्या आठवड्यात आणि त्यानंतर आलेल्या फिट वेगवेगळ्या, तारखांसह. नुसतं टक लावून बघत राहणं, ओठ चावल्यासारखे हलवणं हेही सांगा.
- ट्रॅमॅडॉल, ब्युप्रोपिऑन, क्लोझापिन, ॲमिट्रिप्टिलीन, थिओफिलीन यांपैकी काही चालू आहे का. कंबरदुखीसाठी गल्लीतल्या मेडिकलमधून आणलेल्या गोळीत ट्रॅमॅडॉल निघतं, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.
- दारू. घेतो हे सांगा, आणि अचानक सोडली असेल तर ते आधी सांगा.

चूक: फिटच्या गोळ्या स्वतःहून कमी करणं. काही औषधांमुळे मशीनचा जोर वाढवावा लागतो, हे खरं. पण गोळी मधूनच थांबवली की आदल्या आठवड्यात ठरवलेला जोर अचानक जास्त ठरतो. गोळीत कोणताही बदल झाला, अगदी डोस अर्धा झाला, तरी पुढच्या सत्राआधी तंत्रज्ञाला सांगून जोर नव्यानं मोजून घ्या.

फिटचा इतिहास असेल तर ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढून डॉक्टर अनेकदा टीएमएस टाळतात, किंवा सेकंदाला एक ठोका अशा संथ गतीची पद्धत निवडतात. 'आमच्याकडे सगळ्यांना तीन मिनिटांचा झटपट प्रोटोकॉल देतो' हे उत्तर मिळालं तर पाय बाहेर काढा.

## पायरी ४: एकच ध्येय ठरवा, मशीन त्यावरून

'मेंदू सुधारायचाय' हे ध्येय नव्हे. कॉइल कुठे धरायची, स्पंज कुठे बांधायचे हे ध्येयावर ठरतं, म्हणून ते एकच हवं.

*मारानंतरचं डिप्रेशन.* साध्या डिप्रेशनसाठी टीएमएसला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी २००८ पासून आहे. डोक्याच्या मारानंतरच्या डिप्रेशनवर मात्र छोट्याच चाचण्या झाल्यात आणि निकाल संमिश्र आहेत. तरी गोळ्यांनी आणि समुपदेशनानं भागत नसेल तर विचार करण्यासारखी हीच जागा.

*शुद्ध पूर्ण परतलेली नाही.* बेल्जियममधल्या लिएज इथल्या गटाने २०१४ मध्ये कपाळाच्या डाव्या भागावर २ मिलीअँपिअरचं २० मिनिटांचं टीडीसीएस तपासलं. किंचित शुद्धीत असलेल्या ३० पैकी १३ रुग्णांत शुद्धीची नवी लक्षणं दिसली, अजिबात शुद्ध नसलेल्या २५ पैकी फक्त दोघांत. एका सत्राचा हा परिणाम तात्पुरता होता. म्हणजे रुग्ण या दोन गटांपैकी कुठे बसतो हे आधी नीट ठरवायला हवं. २००९ च्या एका अभ्यासात 'वनस्पतिवत', म्हणजे अजिबात शुद्ध नाही, असा शिक्का बसलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के लोक नीट तपासल्यावर किंचित शुद्धीत निघाले होते.

*हाताची ताकद, लकवा.* इथला पुरावा मुख्यतः पक्षाघाताच्या (स्ट्रोकच्या) रुग्णांकडून उसना घेतलेला आहे. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या २०२० च्या सूचनांत टीएमएसला सर्वांत वरची श्रेणी मिळाली ती डिप्रेशन, मज्जातंतूंची वेदना आणि पक्षाघातानंतरचा हात यांसाठी. डोक्याचा मार त्या यादीत नाही.

*लक्ष, स्मरण, राग.* पुरावा पातळ. करायचंच तर लक्ष-स्मरणाच्या सरावासोबत करा, त्याऐवजी नको.

विचारा: हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर नैतिक समितीची परवानगी आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक सूचनांनुसार संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णावर टाकायचा नसतो. नेहमीचा उपचार म्हणून पैसे घेत असतील तर 'या आजारासाठी ही मंजूर पद्धत नाही' हे संमतीपत्रात मराठीत लिहिलेलं असू द्या. एकूण सत्रं आणि एकूण खर्च सुरुवातीलाच लेखी घ्या.

## पायरी ५: आधी मोजा

अपघातानंतर पहिल्या सहा महिन्यांत मेंदू स्वतःच वेगानं सावरतो आणि नंतरही दोनेक वर्षं सावरत राहतो. तिसऱ्या महिन्यात तुम्ही मशीन लावली आणि पाचव्या महिन्यात मुलगा चालू लागला, तर श्रेय कोणाचं? मोजलं नसेल तर मशीनचं. जाहिरातींमधले व्हिडिओ याच महिन्यांतले असतात.

म्हणून सत्रं सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. आताची थेरपी चालू ठेवा, नवं काही सुरू करू नका.

शुद्धीत नसलेल्या रुग्णासाठी सुधारित कोमा रिकव्हरी स्केल, ० ते २३ गुण. या दोन आठवड्यांत किमान पाच वेळा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, रुग्ण सर्वांत जागा असताना. ही माणसं तासागणिक बदलतात. एकदाच तपासून मिळालेला आकडा म्हणजे नाणेफेक.

शुद्धीत असलेल्यांसाठी मी घरातली तीन कामं निवडायला सांगते. उदाहरणार्थ चहा. पातेलं, पाणी, साखर, पत्ती, दूध, गॅस बंद. किती वेळा आठवण करून द्यावी लागली, एवढंच मोजायचं. दुसरं, शर्टाची बटणं लावायला किती सेकंद. तिसरं, रोज ठरलेल्या वेळी फोनवर ठरलेल्या माणसाशी किती मिनिटं विषय न सोडता बोलला. त्याच जागी मोबाइल ठेवून, त्याच वेळी, दोन मिनिटांचा व्हिडिओ, आठवड्यातून दोनदा. डिप्रेशन असेल तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली. स्मरणासाठी माँट्रिअल चाचणी मराठीत मिळते.

चूक: स्मरणाची तीच चाचणी दर आठवड्याला घेणं. चौथ्या खेपेला रुग्णाला शब्द पाठ झालेले असतात आणि घरात पेढे वाटले जातात.

नोंद ठेवणारा एकच असावा. आई आणि मोठा भाऊ आलटूनपालटून लिहितात तेव्हा आईचे गुण नेहमी दोनने जास्त असतात. मी हे चेष्टेत म्हणत नाही.

## पायरी ६: आदली रात्र आणि सकाळ

- झोप पूर्ण. रात्री जागरण झालं असेल, मग ते लग्नामुळे असो वा भजनामुळे, तर त्या दिवशी टीएमएस नको.
- उपवास नको. एकादशी असेल तर तारीख बदला किंवा फराळ करून या. पाणी भरपूर.
- रोजच्या गोळ्या रोजच्या वेळेला. चहा-कॉफीही रोजच्याइतकीच.
- टीडीसीएस असेल तर केस आदल्या दिवशी शांपूनं धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडे ही सगळ्यांत मोठी अडचण. खोबरेल तेलाच्या थरावर स्पंज ठेवला की वीज सगळीकडून सारखी जात नाही आणि कातडी भाजते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हे सांगायला विसरले आणि एका आजोबांच्या कपाळावर नाण्याएवढा लाल डाग उठला. तेव्हापासून अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये पहिली ओळ तेलाची असते.
- टीएमएस असेल तर कानातलं, चमकी, केसांतल्या पिना, श्रवणयंत्र काढून ठेवा. मोबाइल आणि एटीएम कार्ड कॉइलपासून दूर.
- ताप, उलट्या, नवी डोकेदुखी, गेल्या आठवड्यात फिट यांपैकी काही असेल तर घरातूनच फोन करा.

## पायरी ७: सत्र

टीएमएस. पहिल्या दिवशी जास्त वेळ मोजमापात जातो, जायलाच हवा. हात हलवणाऱ्या भागावर कॉइल धरून एकेक ठोका देतात आणि अंगठा नेमका किती जोरावर हलतो ते बघतात. दहापैकी पाच ठोक्यांना स्नायू प्रतिसाद देतो तो कमीत कमी जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. पुढचे सगळे आकडे त्याच्या टक्क्यांत असतात. मार लागलेल्या बाजूला अंगठा हललाच नाही तर आकडा नुसता चढवत नेणं धोक्याचं आहे. अशा वेळी जागा किंवा पद्धत बदलायची.

मग कॉइलची जागा. 'हाताच्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे' हा जुना हिशोब सगळ्यांनाच थोडाफार चुकीचा पडतो, आणि कवटीचा आकार बदललेल्या माणसाला तर फारच. टेपनं डोकं मोजून काढलेली जागा त्याहून बरी. एमआरआय बघत कॉइल नेण्याची सोय असेल तर या रुग्णांसाठी तिचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

कानात बोळे रुग्णाच्या, सोबतच्या माणसाच्या आणि तंत्रज्ञाच्याही. कॉइलची टकटक कानाला इजा करण्याएवढी मोठी असते, आणि मारानंतर ज्यांच्या कानात आधीच शिट्टी वाजते त्यांचे हाल होतात. ठोके पहिल्या दिवशी कमी जोरावर सुरू करून तीन-चार सत्रांत ठरलेल्या आकड्यावर न्यावेत. डिप्रेशनच्या जुन्या प्रमाण पद्धतीत ३००० ठोक्यांना ३७.५ मिनिटं लागतात, नव्या झटपट पद्धतीत ६०० ठोके तीन मिनिटांत संपतात. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. कपाळाची कातडी फडफडते, डोकं थोडं दुखतं, पहिल्या आठवड्यानंतर बहुतेकांना सवय होते.

बघा: रुग्णाच्या हाताकडे किंवा चेहऱ्याकडे एका माणसाची नजर पूर्ण वेळ हवी. ठोके थांबल्यावरही बोट हलत राहिलं तर पुढचे ठोके ताबडतोब बंद. तंत्रज्ञ मशीन लावून बाहेर चहाला गेला तर सत्र थांबवायला सांगा. भीड बाळगू नका.

टीडीसीएस. आधी कपाळाची आणि टाळूची कातडी बघा: जखम, पुरळ, टाक्यांचा ताजा व्रण असेल तर तिथे स्पंज नाही. स्पंज नॉर्मल सलाइनमध्ये भिजवायचा, नळाच्या पाण्यात नाही. ओला हवा, गळका नको. पाणी ओघळलं की प्रवाहही ओघळतो. केस बाजूला करून पट्टा घट्ट बांधायचा. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली तर परिणाम उलटा होऊ शकतो, म्हणून वायरचा रंग बघून दोघांनी मोठ्यानं म्हणायचं. मशीनवर इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) बघायचा आणि तो जास्त दाखवत असेल तर स्पंज पुन्हा नीट बसवायचा. त्यावर उपाय म्हणून पट्टा आणखी आवळायचा नाही की विजेचा जोर वाढवायचा नाही.

प्रवाह हळूहळू, तीसेक सेकंदांत चढतो आणि तसाच उतरतो. सुरुवातीला मुंग्या, खाज चालेल. एकाच टोचणाऱ्या बिंदूवर आग होत असेल तर थांबवा. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची कातडी सत्र संपल्यावर उजेडात बघा. प्रवाह चालू असताना स्पंज ओढून काढू नका, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखं होतं आणि रुग्ण दचकतो.

ऑनलाइन मागवलेल्या मशीनविषयी मला रोज विचारतात. कवटीला छिद्र किंवा प्लेट असलेल्या माणसाला ती घरी लावू नका. बाकीच्यांनाही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको.

## पायरी ८: वाफशावर पेरा

सत्र संपल्यापासून तासाभराच्या आत ठरलेल्या ध्येयाचाच सराव सुरू झाला पाहिजे. टीडीसीएस चालू असतानाही तो करता येतो. हात ध्येय असेल तर हात, बोलणं असेल तर स्पीच थेरपी. उत्तेजना एका गावात आणि थेरपिस्ट दुसऱ्या गावात असेल तर सेंटरमध्येच एक कोपरा मागून घ्या आणि घरून बटणांचा शर्ट, पातेलं, वही घेऊन जा. गाडीत झोपून घरी आणि संध्याकाळी व्यायाम, याला मी वाया गेलेलं सत्र म्हणते.

डिप्रेशनसाठी चाललेल्या सत्रांनंतर रुग्णाला अंधाऱ्या खोलीत मोबाइल घेऊन बसू देऊ नका. घराबाहेर एक चक्कर, एका माणसाची भेट, एवढं तरी त्याच दिवशी.

## पायरी ९: फिट किंवा चक्कर आली तर

पहिल्या सत्रात घाबरून चक्कर येणं फिटपेक्षा जास्त वेळा घडतं. पांढरा पडणं, घाम येणं, पाय वर केल्यावर लगेच शुद्धीवर येणं ही चक्करची खूण. फिट असेल तर कॉइल बाजूला, रुग्ण कुशीवर, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल हुंगवणं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपुढे गेली तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलमचा नाकातला स्प्रे आणि १०८ ला फोन.

सेंटरला पहिल्याच भेटीत विचारा: ऑक्सिजन, सक्शन, फिट थांबवणारं इंजेक्शन आणि ते देऊ शकणारा डॉक्टर याच मजल्यावर आहे का? फिट येऊन गेल्यावर त्या दिवशी नव्हे, कोणत्याच दिवशी, न्यूरोलॉजिस्टच्या लेखी होकाराशिवाय पुढचं सत्र नको.

## पायरी १०: थांबायचं कधी

हे सुरू करण्याआधी ठरवा, वहीत लिहा आणि घरातल्या मोठ्यांची सही घ्या. पैसे गुंतले की थांबणं अवघड होतं.

टीएमएसला पंधराव्या सत्राच्या आसपास आणि टीडीसीएसला दहाव्यानंतर पायरी ५ ची मोजणी पुन्हा करा. त्याच माणसाकडून, त्याच वेळी. तीनपैकी एकाही कामात पहिल्या दोन आठवड्यांच्या चढउतारापलीकडे काही दिसलं नाही तर उरलेली सत्रं वाढवू नका. चिडचिड, जागरण किंवा डोकेदुखी वाढत चालली असेल तर त्याआधीच थांबा. कमालीचा उत्साह, झोप न लागता न थकणं, पैसे उधळणं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाला त्याच दिवशी फोन.

फरक पडला तर शेवटच्या सत्रानंतर महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तीच तीन कामं पुन्हा मोजा. वहीच्या शेवटच्या पानावर मशीनचं मॉडेल, कॉइलची जागा, उंबरठ्याचा आकडा, ठोक्यांची गती आणि एकूण सत्रं तंत्रज्ञाकडून लिहून घ्या. पुढे कुणी दुसऱ्या शहरात पुन्हा सत्रं सुचवली तर तिथल्या डॉक्टरला सर्वांत आधी लागेल ते हे पान, आणि ते नंतर मागितलं तर मिळत नाही.